खंडेनवमीची शाल

"हलू नका ओ," शालन म्हणाली. "ओठाला लागलं तर आठवडाभर तोंड काळं घेऊन फिरावं लागंल."

"काळं करायलाच बसलोय की," मी म्हणालो आणि त्यासाठी तोंड उघडलं तेवढ्यात कलपाचा ब्रश ओठावर आलाच.

परसातल्या धुण्याच्या दगडावर मी बसलो होतो. गळ्यात जुना पंचा, हातात आरसा. माझी बायको शालन दात घासायच्या जुन्या ब्रशानं माझी मिशी रंगवत होती. डोक्याचं काम आदल्या दिवशीच उरकलं होतं, आणि ते असं झकास उरकलं होतं की सकाळी दूधवाल्यानं मला, "वडील हायत काय घरात?" असं विचारलं. त्यानं चेष्टा केली हे मला कळत होतं, तरी दिवसाची सुरुवात बरी झाली असं मी धरून चाललो.

त्या दिवशी खंडेनवमी होती आणि त्या दिवशी मला नोकरी लागणार होती. निदान माझी तशी खात्री होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी छप्पन्नचा होतो. शिरोलीला पंपाच्या ज्या कारखान्यात मी उभी हयात काढली तो मालकांच्या दोन पोरांच्या भांडणात बंद पडला होता. तिथं मी डिस्पॅचचा सुपरवायझर होतो. म्हणजे तयार माल पेट्यांत भरून, गाड्यांत चढवून, ज्या गावाचा त्या गावाला रवाना करायचा. दिनकर खोराटे हे नाव कारखान्याच्या फाटकापासून ट्रकवाल्यांच्या धाब्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या निम्म्यांना ते शिवीसकट ठाऊक होतं. आवाज मोठा, तोंड फाटकं. कारखाना बंद झाला तसा मी घरी बसलो. मग शालनच्या स्वयंपाकघरात डिस्पॅच सुरू केलं. कुठला डबा कुठल्या फळीवर, तेल पुढं का मागं. चौथ्या दिवशी तिनं लाटणं दाखवलं आणि म्हणाली, "एक तर नोकरी बघा, नायतर देवाचं नाव घ्या. इथं मधी मधी करू नका."

त्यात आमचा पोरगा संग्राम. पुण्याला संगणकाच्या नोकरीत होता, गुणी पोर. इतका गुणी की त्याच्याशी भांडताही येईना. "बाबा, आता बास," तो फोनवर म्हणायचा. "आयुष्यभर केलंत. आता आमच्याकडं या, आराम करा. नातवाला स्कूलबसपर्यंत सोडा, संध्याकाळी बागेत बसा." दिवाळी झाली की टेम्पो घेऊन येतो, सामान हलवू, घर भाड्यानं देऊ, असं त्यानं ठरवूनही टाकलं होतं. आमच्यासाठी एक खोली रंगवून ठेवली होती. आणि न्हाणीघरात, मी घसरून पडू नये म्हणून, भिंतीला धरायचा एक दांडा बसवून घेतला होता. स्टीलचा. त्याचा फोटोही पाठवला होता.

तो फोटो मी किती वेळ बघत बसलो होतो. छप्पन्नाव्या वर्षी मी गाडीच्या फाळक्यावर उडी मारून चढत होतो, आणि माझ्या पोरानं मला धरायला दांडा बसवला होता. राग यावा तर त्यात प्रेम होतं, आणि प्रेम मानावं तर अंगावर काटा येत होता. शेवटी बापलेकांत तोड निघाली. दिवाळीपर्यंत मला नोकरी लागली तर आम्ही कोल्हापुरात राहायचं, नाही लागली तर मुकाट्यानं पुण्याला जायचं. शालन म्हणाली, "मी बागेत बसायला जाणार न्हाई. तुमची नोकरी तुम्ही बघा, पण लवकर बघा."

मग मी हिंडलो. आणि हिंडल्यावर मला एक नवीनच गोष्ट कळली. आपल्याकडं वय झालेल्या माणसाला कुणी हाकलत नाही. तसं हाकललं तर निदान भांडता तरी येतं. आपल्याकडं त्याला खुर्ची देतात, पाणी देतात, चहा देतात, आणि मग कोपरापासून हात जोडतात.

हायवेवरच्या एका चकचकीत ऑफिसात एका पोरीनं मुलाखत घेतली. माझ्या सुनेपेक्षा लहान असेल. "काका, तुम्ही सावकाश बसा," ती म्हणाली. मी सावकाश बसलो. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "पोरी, मला चष्मा लागलाय, पण एवढ्या लांबचं त्यातनंही दिसत नाही." ती गोड हसली. तिथंच माझा निकाल लागला. दुसऱ्या ठिकाणी मालक म्हणाला, "तुमचा अनुभव फार मोठा आहे हो, आमची कंपनी लहान आहे," जसं काही मी अनुभव पोत्यात घालून आणलाय आणि तो ठेवायला त्याच्याकडं जागा नाही. तिसरा एक जण चांगल्या घरचा निघाला. मुलाखत संपल्यावर टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्या पाया पडला. "आशीर्वाद असू द्या," म्हणाला. मी दिला. नोकरी त्यानं एका पंचविशीतल्या पोराला दिली.

घरी येऊन सांगितलं तर शालन म्हणाली, "एवढी माणसं पाया पडत्यात तर नोकरी कशाला शोधताय? मठ काढा. म्होरं पेटी ठेवून मी बसते."

शेवटी मी बाजीराव चौगुलेला फोन केला. मनातून नको वाटत होतं. बाजीराव माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला होता. अंगानं किडकिडीत आणि झोपेत पक्का. दुपारच्या पाळीला पेट्यांच्या थप्पीमागं जाऊन झोपायचा आणि मी त्याला उठवायचो, आणि मी उठवलेलं सगळ्या शेडला ऐकू जायचं. पुढं त्यानं नोकरी सोडली, लोखंड कातायची एक जुनी लेथ घेऊन गोकुळ शिरगावला पत्र्याची शेड टाकली, आणि आता त्याच्याकडं मोटारीचे सुटे भाग बनवणारा चांगला मोठा कारखाना होता. माल पार हुबळी-धारवाडपर्यंत जायचा. म्हणजे डिस्पॅच होतं, आणि डिस्पॅच होतं म्हणजे मी हवा होतो.

"साहेब!" तो फोनवर ओरडला. "तुम्ही फोन केला? मीच करणार हुतो."

"बाजीराव, शिरोलीचं बंद पडलं ते कळलं असंल. मी मोकळाच आहे."

"कळलं ओ. साहेब, फोनवर काय बोलू नका. तुम्ही खंडेनवमीला कारखान्यात या. तुमच्यासाठी मी काय ठरवलंय ते तिथंच सांगतो. सगळ्यांसमोर."

आता मला सांगा, यावरून कुणाला काय वाटलं असतं? मी शालनला म्हणालो, झालं काम. तिनं कलप आणला.

तर मिशी वाळली, मी इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचला, शालननं हातावर दही-साखर ठेवली आणि मी स्कूटरला किक मारली.

कारखान्याच्या फाटकाला केळीचे खुंट आणि झेंडूची तोरणं होती. आत सगळी यंत्रं धुऊनपुसून ठेवलेली, प्रत्येकाला हळद-कुंकू, हार, पायाशी नारळ. खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही, त्याची पूजा करायची, हा आपला रिवाज. त्यामुळं एरवी जिथं कानठळ्या बसतात तिथं नुसता उदबत्तीचा वास आणि कामगारांच्या पोराबाळांचा दंगा. शेडमध्येच मांडव घातला होता, माईक होता. फाटकावरच्या माणसानं मला कडक सलाम ठोकला आणि धरून नेऊन थेट पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवलं. मी मनाशी म्हणालो, वा. सुपरवायझरला सोफा.

सोफ्याशेजारी एक जुनी लेथ होती. नवीन हिरवा रंग दिलेला, हार सगळ्यांत मोठा. पण तिचा पट्टा काढून टाकलेला होता आणि वायर कापलेली होती.

सोफ्यावर माझ्या आधीच एक म्हातारा बसला होता. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, कानात यंत्र, गुडघ्यांत काठी. ऐंशीच्या पुढचा खास. मी त्याच्याकडं जरा तिरक्या नजरेनं बघितलं. बाजीरावनं आणखी कुणाला बोलावलं असेल तर? स्पर्धेत नेमकं कोण आहे ते बघून घ्यावं म्हणून मी त्याच्याकडं सरकलो.

"तुम्ही कुठल्या कामासाठी आलाय?"

"आँ?"

"काम! कुठलं काम करायचं म्हणालाय बाजीराव?"

"काम काय न्हाई," म्हातारा म्हणाला. "बसायचं नुसतं."

म्हणजे वॉचमन. मला बरं वाटलं. "पगार किती म्हणाला?"

"पगार न्हाई," म्हातारा म्हणाला. "पेन्शन हाय."

हे जरा कोड्यात टाकणारं होतं. पण तेवढ्यात माईक खरखरला आणि मागून एका माणसानं काही न विचारता माझ्या डोक्याला फेटा गुंडाळायला घेतला. मी मान वळवायला गेलो तर तो म्हणाला, "हलू नका ओ." सकाळपासून मला दुसऱ्यांदा कुणीतरी हलू नका म्हणत होतं. शेजारच्या म्हाताऱ्याचं डोकंही दुसऱ्या एकानं ताब्यात घेतलं होतं. पाच मिनिटांत आम्ही दोघे भगवे फेटे घालून, नवरदेवांसारखे, पुढ्यात बघत बसलो.

बाजीराव माईकवर आला. पोट सुटलेलं, गळ्यात सोन्याची साखळी, पण डोळे तेच, झोपाळू.

"मंडळी," तो म्हणाला, "आज आपण यंत्रांची पूजा केली. पण मी म्हणतो, यंत्रं काय, पैसं टाकलं की येत्यात. ज्यांनी आपल्याला घडवलं ती माणसं कुठनं आणायची? म्हणून औंदापासनं मी ठरवलंय, खंडेनवमीला माणसांचीबी पूजा करायची. आज आपल्यात हायत माझे प्राथमिक शाळेतले पोवार गुरुजी. आणि दुसरे, ज्यांच्या हाताखाली मी पहिली नोकरी केली, ते आमचे खोराटे साहेब, जे नुकतेच प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त झाले."

निवृत्त. मी निवृत्त कधी झालो? कारखाना निवृत्त झाला होता. मी हात वर करून काही सांगणार, तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या आणि माझ्या खांद्यांवर शाल पडली.

ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा, डोक्यावर घट्ट फेटा, अंगावर लोकरीची शाल. हातात नारळ. कपाळावरून घाम निघाला, तो नाकाच्या दोन्ही अंगांनी उतरून मिशीत शिरला आणि मिशीतून पुढं निघताना एकटा निघाला नाही. ओठांवर कडू चव आली तेव्हा मला कळलं. पण एका हातात नारळ, दुसऱ्यात पुष्पगुच्छ, पुसणार कशानं? शालीनं पुसलं असतं, पण ती नवी होती.

आणि मग बाजीराव वाकला. चारचौघांत, चांगला पायांना हात लावून, डोकं टेकवून. माझं तोंड सवयीनं, "औक्षवंत हो," म्हणालं, पण मी समजून चुकलो. कारण माझा अनुभव तोवर पक्का झाला होता. जो पाया पडतो तो कामाला ठेवत नाही.

"साहेब, दोन शब्द बोला."

मी माईकसमोर उभा राहिलो. समोर सगळे कामगार, त्यांच्या बायका, पोरं, पेढ्यांचे खोके. मला त्या पुण्याच्या न्हाणीघरातला दांडा आठवला. म्हटलं, दिनकर, आता लाज धरशील तर दिवाळीनंतर त्या दांड्याला लोंबकळशील.

"मंडळी," मी म्हणालो, "मी काही निवृत्त झालो नाही. आणि मी इथं सत्काराला आलो नाही. मी नोकरी मागायला आलोय. बाजीराव, ही शाल घे परत आणि मला कामाला ठेव."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. आणि मग असा हशा उसळला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. टाळ्या, शिट्ट्या. बाजीराव पोट धरून हसत होता. "बघा," तो माईकमध्ये म्हणाला, "स्वभाव अजून तसाच हाय! एक नंबर विनोदी माणूस!" पोवार गुरुजींना ऐकू यायला जरा वेळ लागला, पण मग तेही हसले, सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटेच.

आयुष्यात मी इतक्या लोकांना कधी हसवलं नव्हतं. आणि आयुष्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर बाजीरावनं मला केबिनमध्ये नेलं. पेढे मागवले, पंखा मोठा केला. मी नारळ त्याच्या टेबलावर ठेवला, शाल घडी करून त्याच्या शेजारी ठेवली.

"बाजीराव, मी चेष्टा करत नव्हतो."

तो हसला, माझ्याकडं नीट बघितलं, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. "साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "मिशी..."

"मिशीचं राहू दे. ती तुझ्यासाठीच रंगवली होती. काम आहे का नाही तुझ्याकडं?"

"हाय की. डिस्पॅचला माणूसच मिळंना. आठवड्यापूर्वीच एक पळून गेला."

"मग?"

"साहेब, असं काय करताय? तुम्ही आता बसून खायचं. संग्रामची नोकरी झकास हाय म्हणं."

"संग्रामचं सोड. तुझं सांग."

तो अवघडला. खुर्चीत इकडून तिकडं हलला. मग दार लोटून आला आणि एकदम खरं बोलायला लागला. "साहेब, खरं सांगू? तुम्हाला कामाला ठेवून मी तुम्हाला ओरडू कसा? इथं दिवसातनं चार माणसांना शिव्या घालाव्या लागत्यात, तवा कुठं माल वेळेवर जातोय. गिऱ्हाईक मला फाडतंय, मी ह्यांना फाडतोय. तुमच्यावर तोंड टाकलं तर माझी आई मला घरात घेणार न्हाई. आणखी एक सांगू? तुमच्यासमोर मी अजून तंबाखू खात न्हाई. सकाळधरनं तळमळतोय. तुम्ही रोज इथं आलात तर माझं कसं व्हायचं?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी खरं कारण सांगितलं होतं. काचेतून बाहेर ती हिरवी लेथ दिसत होती, शेजारी रिकामा सोफा.

"ती लेथ कुठली रे?"

"ती? ती माझी पहिली लेथ," तो अभिमानानं म्हणाला. "आता चालत न्हाई. पण पूजेचा पहिला मान तिचाच."

"बाकीची यंत्रं दसऱ्यानंतर चालू करणार?"

"व्हय. न करून कसं भागंल?"

"आणि ती?"

"ती तशीच. शोभंला."

"आणि मला तू तिच्या शेजारी बसवलंस," मी म्हणालो.

बाजीराव लेथकडं बघायला लागला. मीही जरा थांबलो, कारण काळ्या मिशीतून काळं पाणी गाळत असताना डोळ्यांतूनही पाणी काढणं मला परवडणारं नव्हतं. "मी बंद पडलो नाही रे," मी म्हणालो. "माझी वायर कुणी कापायला नको."

"साहेब, मला तसं म्हणायचं नव्हतं. पण मी तुमच्या पाया पडलोय. आता सगळ्यांनी बघितलं."

"एवढंच आहे ना?" मी म्हणालो आणि उठलो. "मग थांब. मीही तुझ्या पडतो. म्हणजे फिटलं."

आणि मी वाकलो.

बाजीराव असा उडाला की त्याची चाकांची खुर्ची भिंतीला जाऊन आपटली. "ओ साहेब! पाप लावताय काय! आयुष्य कमी हुतंय माझं!" मी टेबलाच्या डावीकडून गेलो, तो उजवीकडून पळाला. मी उजवीकडून गेलो, तो डावीकडून. पोट सुटलेलं असलं तरी माणूस घाबरला की पळतो. शेवटी तो त्या चाकांच्या खुर्चीवर चढला आणि पाय वर घ्यायला लागला, आणि खुर्ची फिरायला लागली. मी फेटा सावरत, वाकलेला, फिरत्या खुर्चीभोवती त्याचा पाय कधी समोर येतो याची वाट बघत उभा. त्या क्षणाला पेढे घेऊन जो माणूस आत आला त्यानं आमच्याकडं एकदा बघितलं, बशी टेबलावर ठेवली आणि दार ओढून घेऊन निघून गेला.

खुर्ची फिरत फिरत आली आणि मी त्याचा पाय धरला. दोन्ही हातांनी, डोकं टेकवून.

"झालं," मी म्हणालो आणि खाली फरशीवरच बसलो. मला धाप लागली होती. "तू माझ्या पडलास, मी तुझ्या पडलो. आता कोण मोठा नाही. कामाचं बोल."

तो खुर्चीवर तसाच उकिडवा बसला होता. रडावं का हसावं त्याला कळत नव्हतं. "पण मला ओरडायला न्हाई जमायचं ओ."

"जमतंय. आत्ता करून बघ. समज, मी बेळगावच्या पेट्या हुबळीच्या गाडीत चढवल्या. गाडी गेली. गिऱ्हाईकाचा फोन आलाय. बोल."

"आत्ता?"

"आत्ता."

बाजीरावनं घसा साफ केला. "अहो खोराटे साहेब, जरा चूक झालीय असं वाटतं..."

"ही शिवी आहे का लग्नाची पत्रिका? परत."

"साहेब, पेट्या उलट्या गेल्या ओ. असं बरं न्हवं..."

"बाज्या!" मी ओरडलो. जुना आवाज लागला, केबिनची काच हादरली. "गिऱ्हाईक फोनवर बोंबलतंय आणि तू माझी आरती ओवाळतोस? मी तुला थप्पीमागनं उठवायचो तेव्हा काय म्हणायचो? ते म्हण!"

कुठंतरी आत, त्या पोटाच्या आणि साखळीच्या मागं, तो किडकिडीत झोपाळू पोरगा दचकून जागा झाला. त्याचा चेहरा लाल झाला. तो खुर्चीवरून उतरला, दोन पावलं पुढं आला आणि माझ्या तोंडासमोर बोट नाचवत गरजला, "ए खोराट्या! झोपा काढायला आलाईस काय रं हितं? बाऽचा माल हाय काय तुझ्या, वाटंल त्या गाडीत घालायला?"

आणि मग स्वतःच्या तोंडावर हात ठेवून उभा राहिला.

बाहेरचा दंगा एकदम थांबला होता. सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

मी खाली बसल्या बसल्या त्याच्याकडं बघत होतो. कारखाना बंद पडल्यापासून माझ्याशी सगळे गोडच बोलत होते. पोरगा गोड, सून गोड, ऑफिसातली पोरगी गोड, शेजारीपाजारी गोड. माझ्यावर तोंड टाकावं एवढी माझी कुणाला गरजच उरली नव्हती. त्या एका शिवीनं मला इतकं बरं वाटलं की मी टेबलावरच्या शालीचं टोक ओढलं आणि, नवी असो नाहीतर जुनी, तिनं डोळे आणि मिशी दोन्ही पुसली.

"साहेब, चुकलं काय माझं?" बाजीराव घाबरून म्हणाला.

"नाही रे. आवाज जरा पोटातून काढ. बाकी चांगलं आहे."

तो धप्पकन खुर्चीत बसला. मग त्यानं खिशातून पिशवी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, आणि माझ्याकडं न बघता मळायला लागला. मी हात पुढं केला. त्यानं चिमूट माझ्या हातावर ठेवली.

"दसऱ्यानंतर सकाळच्या पाळीला या," तो म्हणाला. "वेळेवर."

मला एकदम वेळेवर जायचं होतं आणि मी गेलो. दोन आठवडे नुसती तारांबळ. नवी माणसं, नव्या गाड्या, आणि सगळी गावं कॉम्प्युटरवर. बाजीराव मला लांबूनच बघायचा आणि 'साहेब' म्हणायचा. मला धाकधूक वाटायची की हा माणूस शेवटी मला सोफ्यावर नेऊन बसवणार. आणि मग दिवाळीच्या तोंडावर, मी काही मुद्दाम केलं नाही, शप्पथ, पण गर्दीत बेळगावच्या पेट्या खरोखरच हुबळीच्या गाडीत चढल्या.

बाजीराव शेडमध्ये आला तो ओरडतच आला. सगळ्या कामगारांसमोर, ड्रायव्हरांसमोर, तोंडात तंबाखू तशीच. 'साहेब' नाही, 'काका' नाही. आवाज थेट पोटातून. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि त्या गाडीच्या मागं दुसरी गाडी पिटाळली.

घरी गेलो तेव्हा शालन चुलीपाशी होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "का ओ, तोंड एवढं खुललंय?"

"आज शिव्या बसल्या."

तिनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. "कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर."

"बया!" ती म्हणाली. "मग शिरा करते."

रवा भाजल्याचा वास सुटला असताना संग्रामचा फोन आला. टेम्पो कधीचा सांगू, म्हणाला. मी म्हणालो, टेम्पो सांगू नकोस, मला रजा मिळणार नाही. तो म्हणाला, "बाबा, दांडा पण बसवलाय ओ."

"असू दे," मी म्हणालो. "टॉवेल वाळत घाला."

फोन ठेवला. मिशी एव्हाना निम्मी पांढरी, निम्मी काळी झाली होती. शालन ताट वाढता वाढता म्हणाली, कलप थोडा शिल्लक आहे, लावू का? मी नको म्हणालो. बाजीराव आता मला पांढऱ्या मिशीसकटही शिव्या घालत होता.